अपराजित, पण अनिमंत्रित : सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१ चा हंगाम

नोव्हेंबर १९५१. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील ‘रोझ बोल’ मैदानावर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने लॉयोला विद्यापीठाला २०-२ असे हरवले. हंगामातला हा नववा सामना आणि नववा विजय. आणि याच संघाचा हा शेवटचा सामना ठरला.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा नव्हे. डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात लंबगोल चेंडू घेऊन धावण्याचा हा अमेरिकन खेळ. त्यातील विद्यापीठीय हंगामाचा एक प्रघात इथे महत्त्वाचा आहे. हंगाम संपला की नववर्षाच्या सुमारास ‘बोल’ नावाचे मोठे सामने होत, आणि त्यांत खेळायला कोणाला बोलवायचे हे आयोजक ठरवीत. निमंत्रणाबरोबर उत्पन्नाचा मोठा वाटाही येई.

सॅन फ्रान्सिस्कोला त्या पैशाची निकड होती. जेझुइटांचे हे लहानसे विद्यापीठ, आणि फुटबॉलचा खर्च त्याला झेपेनासा झाला होता. संघ मात्र असामान्य होता. प्रशिक्षक जो कुहॅरिच. ऑली मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्डांची धाव काढली. देशात त्या वर्षी इतकी कोणाचीच नव्हती. न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅमविरुद्धचा सामना ३२-२६ असा अटीतटीचा झाला, तेवढा एक सोडला तर बाकीचे विजय बरेचसे एकतर्फीच.

मॅटसन आणि बचावफळीतला बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय होते.

ऑरेंज, शुगर आणि गेटर हे तिन्ही बोल दक्षिणेकडील राज्यांत भरत. तिथे शाळा, बस, उपाहारगृहे सारेच वर्णानुसार विभागलेले. मैदान त्याला अपवाद असण्याचे कारण नव्हते. त्याच ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमात ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा, चेंडू त्याच्या हाती नसताना, प्रतिस्पर्ध्याने ठोसा मारून फोडला होता. त्या प्रसंगाच्या छायाचित्रांना पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळाडूंनी पुढे आयुष्यभर जे सांगितले ते असे : बोलमध्ये यायचे तर मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवून या, असा निरोप संघापर्यंत पोहोचला, आणि त्यावर मतदान घेण्याचीही गरज पडली नाही. नकार एकमुखी होता. त्यांतला जिनो मार्चेटी दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढून आलेला. असल्या अटीने तो वाकणे अवघडच होते.

त्या वेळी पुढे केलेले कारण वेगळे होते : या संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणे. ज्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला सॅन फ्रान्सिस्कोने ४७-१४ असे लोळवले, त्यालाच टेक्सासमधील ‘सन बोल’चे निमंत्रण मिळाले. तो बोल या तिघांहून लहान, हे खरे. पण नऊपैकी नऊ सामने जिंकणारा संघ घरी बसतो आणि त्याच्याकडून तेहतीस गुणांनी हरलेला नववर्षाला मैदानात उतरतो, तेव्हा दुबळेपणाच्या सबबीवर विश्वास ठेवणे कठीण होते. ऑरेंज, शुगर आणि गेटरमध्ये १९५२ च्या नववर्षदिनी खेळलेले सहाही संघ दक्षिणेतले आणि पूर्णपणे श्वेतवर्णीय होते.

बोलचे पैसे आले नाहीत. विद्यापीठाने लगेचच मोठ्या पातळीवरील फुटबॉल बंद केला. एका मोसमाच्या उत्पन्नाने तो वाचला असता का, हा प्रश्न वेगळा. पण दोन सहकाऱ्यांना वगळून तो वाचवायचा नाही, हे खेळाडूंनी ठरवले होते.

मॅटसन १९५२ च्या उन्हाळ्यात हेलसिंकीला गेला आणि ४०० मीटर धावण्यात कांस्य व रिलेत रौप्यपदक घेऊन परतला. (कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीचे कांस्यपदक जिंकले ते हेच ऑलिंपिक.) मॅटसन, मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाले. एका विद्यापीठाच्या एकाच संघातून तिघे, ही दुर्मीळ गोष्ट.

टोलरला व्यावसायिक खेळाडू होता आले नाही; १९५२ मध्येच गुडघ्याच्या दुखापतीने ती वाट बंद केली. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ मध्ये एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच. त्या लीगचा आयुक्त तेव्हा पीट रोझेल होता, जो १९५१ मध्ये याच संघाचे प्रसिद्धीचे काम पाहत असे.

जानेवारी १९८० मध्ये सुपर बोल पॅसाडीनाच्या रोझ बोलवर झाला. पंचांमध्ये बर्ल टोलर होता.