घानच्या नावामागची माणसे

ऑस्ट्रेलियात दक्षिणेच्या ॲडलेडहून उत्तरेच्या डार्विनपर्यंत एक रेल्वेगाडी धावते. सुमारे तीन हजार किलोमीटरचा हा प्रवास अख्खे खंड उभे कापत जातो. गाडीचे नाव ‘द घान’ आणि तिचे बोधचिन्ह उंटावर बसलेला माणूस. ‘घान’ हे ‘अफगाण’ या शब्दाचे शेपूट. रेल्वे येण्यापूर्वी ज्या उंटवाल्यांनी या वाळवंटाची सारी वाहतूक सांभाळली, त्यांच्यावरून हे नाव पडले असे सांगतात. मात्र नाव रूढ होत होते त्याच काळात या माणसांना ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व मागण्याची सोय नव्हती. शिवाय त्यांतले कित्येक अफगाण नव्हतेच. ते ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन होते आणि ज्या बंदरातून ते जहाजावर चढले ते कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होते.

या माणसांबद्दल मी आधी वाचले होते. त्यांच्या वाटेवरून जाण्याचा योग मात्र गेल्या वर्षी जुलैत आला. पुण्यातले शाळेपासूनचे आम्ही पाच जण. दोघे आता मेलबर्नला स्थायिक. निवृत्तीनंतर एकदा एकत्र भटकायचे ठरले होते. आम्ही दणकट बांधणीची एक कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली, ती गाडीमागे जोडली आणि ऑस्ट्रेलियन लोक ज्याला ‘आउटबॅक’ म्हणतात त्या आतल्या रुक्ष मुलखात तीन आठवडे काढले. कॅरॅव्हॅन हा शब्द मूळचा फारसी, ‘कारवान’. वाटेत सोबतीने चालणारा तांडा असा त्याचा अर्थ. तो आज चाकांवरच्या घराला चिकटला आहे, पण आमच्या रस्त्यावर त्याचा जुना अर्थ पावलोपावली भेटत होता.

कराचीहून मेलबर्नला

मेलबर्नच्या रॉयल पार्कमध्ये एक दगडी स्मारक आहे. २० ऑगस्ट १८६० रोजी येथून रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम निघाली. खंड दक्षिणोत्तर ओलांडणे हे तिचे उद्दिष्ट होते. घोडे आणि बैल या कोरड्या मुलखात टिकत नाहीत हे आधीच्या प्रवाशांनी अनुभवले होते, म्हणून जॉर्ज लँडेल्स नावाच्या गृहस्थाला हिंदुस्थानात पाठवून २४ उंट आणवले होते. ते कराचीच्या बंदरातून जहाजाने आले आणि त्यांच्यासोबत त्यांना हाताळणारी माणसेही आली.

पुढची गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बर्क आणि विल्स १८६१ मध्ये कूपर क्रीकच्या काठी उपासमारीने मेले आणि राष्ट्रीय वीर ठरले. उंटवाल्यांची गोष्ट मात्र तळटिपांत राहिली. त्यांच्यात सामला नावाचा एक हिंदू होता. मोहिमेच्या शिध्यात आपल्या धर्माला चालेल असे काही नाही, हे लक्षात आल्यावर त्याने सुरुवातीच्या दिवसांतच रजा मागितली आणि तो निघून गेला. दोस्त महंमद मात्र टिकला. मेनिंडी येथे एका उंटाने त्याच्या हाताचा असा चावा घेतला की तो हात कायमचा निकामी झाला. तो मायदेशी परतला नाही. मेनिंडीजवळ त्याची एकटी कबर आहे. मिल्ड्युराहून ब्रोकन हिलकडे जाताना आम्ही तिथे थांबलो. आजूबाजूला लाल माती, खुरटी झुडपे आणि नजर पोचेल तिथवर दुसरे काही नाही.

मोहीम फसली तरी उंट उपयोगी ठरतात एवढे सिद्ध झाले होते. टॉमस एल्डर या धनाढ्य पशुपालकाने १८६६ मध्ये शंभराहून अधिक उंट आणि ३१ माणसे कराचीहून पोर्ट ऑगस्टाला आणवली. बेल्टाना येथील त्याच्या विस्तीर्ण कुरणावर उंटांची पैदास सुरू झाली. १८७० ते १९२० या अर्धशतकात ऑस्ट्रेलियात सुमारे २०,००० उंट आणि किमान २,००० उंटवाले आले असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. म्हणजे कराचीच्या धक्क्यावरून निघालेली ही माणसे आपल्याच इलाख्याच्या बंदरातून जात होती. आपल्याकडेही उंट नवा नव्हता. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत शुतुरखाना होता, टपाल घेऊन धावणारे सांडणीस्वार होते आणि उंट हाकणाऱ्याला जुन्या मराठीत सारवान म्हणत. ऑस्ट्रेलियात गेलेले सारवान मात्र मराठी नव्हते. ते पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी आणि काही खरोखरच अफगाण होते. हे स्पष्ट म्हटलेले बरे, कारण परक्या नावाचा पडदा दूर करताना आपले नाव त्यावर डकवण्याचा मोह होतो.

एका पुस्तकावरची चिठ्ठी

ब्रोकन हिल हे खाणींचे शहर. तिथे उंटवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली, पत्र्याची, लालसर रंगाची एक लहानशी मशीद उभी आहे. आज ते संग्रहालय आहे. बाहेर वजू करण्यासाठी पाण्याची जागा, आत एक खोली. या मशिदीतल्या एका जाड जुन्या ग्रंथाची ओळख कित्येक वर्षे ‘कुराण’ अशी दिली जात होती. सामिया खातून या बांगलादेशी वंशाच्या इतिहासकार तिथे गेल्या आणि त्यांनी तो उघडला, तेव्हा त्यांना लिपी ओळखीची वाटली. तो बंगाली भाषेतला ‘कसासोल अंबिया’ होता. पैगंबरांच्या कथांचा, पद्यात रचलेला, कोलकात्यात छापलेला हा ग्रंथ मोठ्याने म्हणून दाखवण्यासाठी असतो. खातून यांच्या ‘ऑस्ट्रेलियनामा’ (२०१८) या पुस्तकाचा उगम या शोधात आहे.

या एका उदाहरणात सारा घोळ दिसतो. चिठ्ठी लावणाऱ्याला उर्दू, फारसी, बंगाली यांतला फरक ठाऊक नव्हता आणि विचारायची गरजही वाटली नाही. मुसलमान म्हणजे अफगाण आणि त्यांचे पुस्तक म्हणजे कुराण. त्या वाळवंटात कोणीतरी बंगाली पद्य वाचत होते, कोणीतरी ऐकत होते, ही शक्यताच त्या चिठ्ठीने पुसून टाकली. माणसांवरही अशीच चिठ्ठी लागली होती. पेशावरचा पठाण, कलातचा बलुची आणि पंजाबातला फेरीवाला सरकारदप्तरी आणि बोलण्यात सारखेच ‘अफगाण’ झाले.

झरे, तार आणि रूळ

ब्रोकन हिलहून पश्चिमेला आणि मग फ्लिंडर्स डोंगररांगेच्या कडेने उत्तरेला वळलो की वस्ती विरळ होत जाते. वाटेत फरीना नावाचे ओसाड गाव लागते. लॅटिनमध्ये फरीना म्हणजे पीठ. इथे गहू पिकेल या आशेने हे नाव दिले. जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षकाने १८६५ मध्येच नकाशावर रेघ मारून सांगितले होते की हिच्या उत्तरेला शेतीजोगा पाऊस नाही. फरीना त्या रेघेच्या बरेच उत्तरेला आहे. गहू कधी पिकला नाही. दगडी भिंती तेवढ्या उरल्या.

तिथून पुढे मरी. इथून मार्लापर्यंत जाणाऱ्या सुमारे सहाशे किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याला उडनडाटा ट्रॅक म्हणतात. रस्ता असा आडवळणाने का जातो, हे आमच्यातल्या सिव्हिल इंजिनिअर मित्राने पहिल्याच दिवशी नकाशावर बोट ठेवून दाखवले. जमिनीखाली प्रचंड मोठे आर्टेशियन खोरे आहे. लाखो वर्षांपूर्वी मुरलेले पाणी या पट्ट्यात झऱ्यांच्या रूपाने वर येते आणि क्षारांचे उंचवटे तयार करते. ‘बबलर’ नावाच्या झऱ्यात तळची वाळू उकळल्यासारखी वर येताना आम्ही पाहिली. अरबाना आणि इतर आदिवासी समाजांच्या वाटा याच झऱ्यांवरून जात. १८५८-५९ मध्ये जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट त्याच झऱ्यांच्या आधाराने पुढे सरकला. त्याच्या मागोमाग १८७२ मध्ये पुरी झालेली खंडपार तार आली, कारण तारघरांना पाणी हवे. मग रेल्वे आली, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी हवे. चौघांची वाट एकच होती आणि ती दाखवणारे पहिले नव्हते ते पुढे मालक झाले.

तार घालताना सामान वाहिले ते उंटांनी. दांडगा नर उंट पाच-सहाशे किलो वजन पेलतो. पालाणावर लोकरीचे दोन गठ्ठे, एका उंटाची दोरी पुढच्या उंटाला बांधलेली, अशी ७० उंटांपर्यंतची रांग चालत असे. जाताना पीठ, साखर, चहा, पत्रे, औजारे आणि येताना लोकर. दूरच्या कुरणांवरचे गोरे कुटुंब महिनोन्‌महिने या रांगेची वाट पाहत असे. गंमत अशी की रेल्वेचे सामानही उंटांनीच वाहिले. रूळ १८८४ मध्ये मरीला आणि १८९१ मध्ये उडनडाटाला पोचले. तिथून आलिस स्प्रिंग्जपर्यंतचा माल पुढची ३८ वर्षे उंटांवरूनच जात होता. १९२९ मध्ये गाडी आलिस स्प्रिंग्जला पोचली आणि उंटांचे शेवटचे मोठे काम संपले.

मरीत रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची घरे आणि हॉटेल, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. त्या वस्तीला ‘घानटाउन’ म्हणत. त्यांच्या जुन्या मशिदीची मातीची आणि गवती छपराची प्रतिकृती आज गावात आहे. दफनभूमीतही तीन वेगळे भाग आहेत : गोऱ्यांचा, उंटवाल्यांचा, आदिवासींचा. बेजा दरवेश इथेच राहिला. मूळचा बलुचिस्तानचा, ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेत कंदाहारला लढलेला. १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत त्याने उंट सांभाळले आणि मोहिमेचा नेता लॉरेन्स वेल्स याने कृतज्ञतेने त्याला आपले होकायंत्र दिले. १९५७ मध्ये तो वारला. पुढे कॉवर्ड स्प्रिंग्ज येथे आम्ही मुक्काम केला, तिथे शतकापूर्वीची खजुराची झाडे अजून उभी आहेत. आमच्या मैत्रिणीने तिथे पिठलं-भात केला. एवढ्या लांबवर आपल्या चवीचे अन्न काय असते हे त्या रात्री कळले आणि मला सामला आठवला.

दोन कायदे, एक वर्ष

१९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींचे संघराज्य झाले. त्याच वर्षी परकीयांना रोखणारा कायदा आला. उतरणाऱ्या माणसाला अधिकारी युरोपातली कोणतीही भाषा निवडून पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालू शके. भाषा अधिकाऱ्याने निवडायची, मग नापास करणे काय अवघड? वर्षानुवर्षे तिथे राहिलेल्या उंटवाल्यालाही घरी जाऊन परत यायचे तर श्रुतलेखनातून सूट देणारा दाखला घ्यावा लागे. त्यावर समोरून आणि बाजूने काढलेले फोटो आणि हाताचा ठसा असे. हे दाखले ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचीच बंदी केली. हिंदुस्थानी माणूस त्याच राजाचा प्रजाजन होता ज्याचा ऑस्ट्रेलियन होता, पण तो मुद्दा कोणी मोजला नाही. अनेकांना बायका आणता आल्या नाहीत. काहींनी आदिवासी किंवा युरोपीय स्त्रियांशी संसार केले. त्यांचे वंशज आज ऑस्ट्रेलियात आहेत.

हे गाऱ्हाणे अखेर मांडले गेले ते पुण्याशी जोडलेल्या एका माणसाकडून. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे, गोखल्यांच्या पश्चात अध्यक्ष झालेले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाच्या दौऱ्यावर गेले. तिथे आधीच राहत असलेल्या हिंदुस्थानींना समान हक्क द्या, ही त्यांची मागणी होती. १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या रहिवाशांना मताधिकार दिला.

त्याच १९२५ मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने दुसरा एक कायदा केला : नोंद नसलेले भटके उंट गोळी घालून मारण्याचा. मोटारी आल्या होत्या, उंटांचे काम संपत आले होते. ज्या जनावरांना हातांनी वाढवले त्यांना मारण्यापेक्षा उंटवाल्यांनी त्यांना रानात सोडले. पुढे ते लाखोंनी वाढले. २००९ ते २०१३ या काळात सरकारी मोहिमेत सुमारे १,६०,००० उंट मारले गेले. उडनडाटाच्या अलीकडे चार उंट झुडपे ओरबाडताना आम्हाला दिसले. या गावात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा ठिकाणी ते जगतात, कारण ते आणले गेले होते याच कामासाठी.

मताधिकार कोणाला मिळाला, याचे उत्तर कायद्याच्या भाषेत होते : हिंदुस्थानात जन्मलेल्याला. म्हणजे आयुष्यभर ‘अफगाण’ म्हणवलेल्या कराचीच्या किंवा पेशावरच्या म्हाताऱ्याला त्या दिवशी आपण अफगाण नाही हे सिद्ध करणे फायद्याचे ठरले आणि खऱ्या अफगाणाला दार बंदच राहिले. सरसकट नावाची किंमत अशी मोजावी लागते. काम करून घेताना माणसे एकच असतात, हक्क देताना मात्र जन्मगाव विचारले जाते. घान गाडीच्या डब्यांवर त्यांचे चित्र आहे, ते राहू द्यावे. पण फोटो आणि हाताचे ठसे असलेल्या त्या दाखल्यांवर प्रत्येकाचे स्वतःचे नाव आहे. इतिहासाने वाचायला घ्यावे ते ते नाव.