‘तूही एक ठेवून दे’ की ‘माफ कर’? मुलांना क्षमा करायला कसं शिकवायचं?

शाळेत कुणीतरी मारलं म्हणून मूल रडत घरी आलं की त्याला बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘तुला हात नव्हते का? तूही एक ठेवून द्यायची!’ किंवा ‘जाऊ दे, सोडून दे.’ पहिल्या उत्तराने भांडण वाढतं. दुसऱ्यातून मूल एवढंच शिकतं की आपल्याला काय वाटलं हे कुणी विचारत नाही.

क्षमा या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. आणि ती अभ्यासासारखी शिकवता येते का, हे एका शहरात करून पाहिलं गेलं आहे.

बेलफास्टमध्ये काय घडलं?

उत्तर आयर्लंडमध्ये 1960च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे तीस वर्षं संघर्ष चालला. एका बाजूला प्रामुख्याने कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रामुख्याने प्रोटेस्टंट. त्यात 3,500 हून अधिक माणसं मारली गेली. 1998 मध्ये ‘गुड फ्रायडे करार’ झाला. पण बहुतेक शाळा वेगवेगळ्याच राहिल्या आणि वस्त्यांमधल्या उंच भिंतीही उभ्याच राहिल्या. करारानंतर जन्मलेल्या मुलांनी तो काळ पाहिला नव्हता, पण त्याचा राग त्यांना घरातूनच मिळत होता.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट अनेक वर्षं क्षमा या विषयावर संशोधन करत होते. 2002 मध्ये त्यांनी बेलफास्टच्या काही प्राथमिक शाळांमध्ये क्षमेचे धडे सुरू केले. लहानपणापासून सवय असेल, तर मोठेपणी सूडाशिवाय दुसरा मार्गही सुचेल, असा यामागचा विचार.

वर्गात काय शिकवलं जातं?

शाळेतले नेहमीचे शिक्षकच हे धडे घेतात. सुरुवात मुलांच्या स्वतःच्या भांडणापासून होत नाही, गोष्टींपासून होते. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी डॉ. स्यूस यांची हॉर्टन हत्तीची गोष्ट निवडली होती. धुळीच्या कणावर राहणाऱ्या इवल्याशा जीवांना हॉर्टन वाचवतो, बाकीचे प्राणी त्याची टिंगल करत असतानाही. लहान असो, वेगळा असो की चुकलेला, प्रत्येकाला किंमत असते, हे मुलांना त्यातून कळतं. ही गोष्ट पटली की मग क्षमेचा विषय येतो.

आणि ‘आता तू माफ कर’ असा दबाव मुलांवर आणायचा नाही, हे शिक्षकांना बजावलेलं असतं. माफ करायचं की नाही हे मूलच ठरवतं. असे धडे घेतलेल्या वर्गांमधल्या मुलांचा राग इतर वर्गांच्या तुलनेत कमी झाल्याचं एनराइट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं.

माफ करणं म्हणजे सहन करणं का?

नाही. पालकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो.

– झालं ते चूकच होतं, हे क्षमेत आधी मान्य केलेलं असतं.
– माफ केलं म्हणजे पुन्हा मैत्री केलीच पाहिजे असं नाही. मैत्रीसाठी समोरच्यानेही बदलावं लागतं.
– माफ करूनही शिक्षकांकडे तक्रार करता येते.

त्यामुळे कुणी सतत छळत असेल, तर क्षमेचा धडा बाजूला ठेवून आधी तो छळ थांबवा. शाळेशी बोला. गरज पडली तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

घरी काय करता येईल?

आधी ऐकून घ्या. ‘तुला खूप लागलं ना? राग आला असेल’ एवढं वाक्यही पुरतं. राग येणं चूक नाही. रागात हात उचलणं चूक आहे, हा फरक सांगा.

राग ओसरल्यावर विचारा, ‘तो असं का वागला असेल?’ लगेच विचारलं तर आई-बाबा त्याचीच बाजू घेताहेत असं मुलाला वाटेल.

मारण्याऐवजी काय करायचं, हेही शिकवा. ‘मला हे आवडलं नाही, थांब’ असं ठामपणे म्हणणं, तिथून बाजूला होणं, मोठ्यांना सांगणं. सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हेही स्पष्ट करा.

जबरदस्तीने ‘सॉरी’ म्हणायला लावू नका. त्याऐवजी नुकसान भरून द्यायला लावा. दुसऱ्याचं चित्र फाडलं असेल तर ते चिकटवायला मदत करणं, हीसुद्धा माफी मागण्याचीच रीत आहे.

वयाचं भान ठेवा. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1932 च्या पुस्तकात नोंदवलं होतं की लहान मुलांना ‘जेवढं मारलं तेवढंच परत’ हा न्याय वाटतो. त्यापलीकडचा विचार पुढे हळूहळू येतो. चार वर्षांच्या मुलाकडून मोठ्या मनाची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

शेवटी प्रश्न मोठ्यांचाच येतो. काकांशी दहा वर्षं अबोला आहे, पार्किंगवरून शेजाऱ्यांशी रोज वाद आहेत, आणि जेवताना त्याचीच उजळणी होते, हे मुलं ऐकत असतात. बेलफास्टच्या मुलांपर्यंत जुना राग असाच घरातून पोहोचला होता. म्हणून मुलावर विनाकारण ओरडलात, तर त्याच्याजवळ बसून ‘माझं चुकलं’ म्हणा. क्षमा मागितली कशी जाते आणि केली कशी जाते, हे मूल पहिल्यांदा तिथेच पाहतं.