लाखोटा, जासूद आणि आपला मोबाइल



मोबाइल ही वस्तू नवी असली, तरी आपली खासगी गोष्ट परक्याच्या हाती पडू नये ही काळजी फार जुनी आहे. मराठेशाहीत महत्त्वाचे पत्र लाखेने बंद करून धाडीत. त्यास लाखोटा म्हणत. पत्राच्या शेवटी मोर्तब करीत, म्हणजे मजकूर तेथे संपला, पुढे कोणी अक्षर घालू नये. पत्र नेणाऱ्यास जासूद म्हणत. हा शब्द मूळ अरबी असून तेथे त्याचा अर्थ हेर असा आहे. निरोप पोचवणारा आणि पाळत ठेवणारा एकच असू शकतो, हे त्या एका शब्दात सामावले आहे. आजच्या पुष्कळ ॲपांना हे नाव शोभून दिसेल.

इंग्रजी अमदानीत, १८७९ साली, एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. ते स्वस्त होते, पण उघडे होते. वाटेत कोणीही वाचावे. म्हणून लोक खुशाली कार्डावर लिहीत आणि घरातली गोष्ट पाकिटात घालीत. पुढे १८८५ च्या तार कायद्याने सरकारला विशिष्ट प्रसंगी संदेश अडवून पाहण्याचा अधिकार मिळाला.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न सुटला नाही. १९६२ साली खडकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी बेकायदा ठरवल्या; परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे मानले नाही. २०१० साली आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. २०१२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध याचिका दाखल केली. वयाची ऐंशी उलटलेल्या या गृहस्थांच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढच्याच वर्षी शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

तथापि हक्क निकालपत्रात असणे आणि तो घरात पोचणे यांत अंतर असते. जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर शंभरहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे, त्यांनी स्वतः समाजमाध्यमांवर ठेवलेली, उचलून लिलावासारखी मांडण्यात आली. मुंबई पोलिसांनी काही दिवसांतच अटका केल्या. पकडलेल्यांत कॉलेजात शिकणारी मुलेही होती. अशा बातम्या वाचून एखादा बाप पहिली गोष्ट कोणती करतो? मुलीच्या हातचा मोबाइल काढून घेतो. पालकहो, येथेच थांबून विचार करावा. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, प्रवेशाची यादी, सारे आता त्याच मोबाइलवर येते. तो काढून घेतला तर गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षण बुडते आपल्या मुलीचे. वाटेत पत्रे फुटत म्हणून आपल्या पूर्वजांनी लिहिणे सोडले नाही; त्यांनी लाख लावली.

तेव्हा आपणही लाख लावू या. टॉर्चच्या ॲपला तुमच्या नातेवाइकांचे नंबर कशाला हवेत? विचारल्याविना परवानगीचे बटण दाबू नका. छायाचित्रे ओळखीच्यांनाच दिसतील अशी सोय ॲपमध्ये असते, ती लावून घ्या. ओटीपी कोणालाही सांगू नका, मग तो बँकेचा साहेब म्हणवो. शिराळ्यात अर्ज भरायला दुकानात जाल, तेव्हा काम झाल्यावर आपले खाते बंद करा आणि आपली कागदपत्रे तेथील संगणकातून पुसायला सांगा. त्यात संकोच कसला? पैशाची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

२०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. म्हणजे उद्या मोर्तब करण्याचा अधिकार पालकांच्या हाती येईल. परंतु न वाचता केलेले मोर्तब काय कामाचे? म्हणून एखाद्या संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन बसा, मोबाइलमधील एकेक ॲप उघडा आणि त्याला आपण काय काय देऊन बसलो आहोत ते दोघे मिळून वाचा. या बाबतीत पुष्कळ घरांत मूल शिक्षक ठरेल आणि पालक विद्यार्थी. त्यात कमीपणा मुळीच नाही.