धावपट्टीखालची खाचरं

माझ्या आईचं माहेर आज विमानतळाच्या कुंपणाच्या आत आहे. घर नव्हे, घर आधीच मोडलं. भाताची खाचरं. मरोळ आणि सहारच्या मधल्या अंगाला, मिठी नदीच्या काठाला ती सहा-सात तुकड्यांत पसरलेली होती. लढाईच्या काळात सांताक्रूझला लष्करी विमानांसाठी धावपट्टी झाली आणि पुढे ती वाढत गेली, तशी ही खाचरं एकेक करून गेली. आजीनं त्या जागेला विमानतळ कधी म्हटलं नाही. ती ‘इमानाची पट्टी’ म्हणायची, जणू कुणी शेजाऱ्यानं बांध कोरून आपली एक पट्टी तिथं वाढवली होती.

आमचं घर पवईला, तिरंदाज गावात. पवईचा तलाव 1891 सालचा. मुंबईला पाणी पाजायला बांधला, पण त्याचं पाणी पिण्यालायक ठरलं नाही. पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावरून पाणी कोसळायचं आणि आम्ही पोरं तिथं मासे धरायला जायचो. आई कधी सोबत आली तर पाण्याकडे बघत म्हणायची, “जा, मामाकडे जाऊन या.” कारण विहार आणि पवई या दोन तलावांचं हेच उतू गेलेलं पाणी म्हणजे मिठी नदी. मरोळवरून ती तिच्या माहेरच्या शेताला लागायची, आणि आता धावपट्टीच्या खालून जाऊन कुर्ल्याकडे वळते. आम्हाला त्यात गंमत वाटायची. सांडव्यात सोडलेली पळसाच्या पानाची होडी विमानाखालून जाणार, अशी आमची पक्की समजूत.

विमान आमच्या घरात सगळ्यांत आधी पाहिलं ते आजोबांनी, वडिलांच्या वडिलांनी. ते गवताचे भारे गाडीत घालून अंधेरी, पार्ल्याच्या तबेल्यांना द्यायला जायचे. साल त्यांना सांगता यायचं नाही. “दसरा झाला होता, गवत कापणीला आलं होतं,” एवढीच खूण. मी मोठेपणी वाचलं, की 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला घेऊन गेला. त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात होता. म्हणून आजोबांनी तेच विमान पाहिलं असा दावा मी करणार नाही. जुहूला फ्लाइंग क्लब आधीपासून होता, विमानं रोजच उडत असतील. पण घरात आम्ही ते तसंच सांगतो.

जुहूची तेव्हाची जागा म्हणजे खाजण. टाटांची कचेरी म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली शेड. पावसाळ्यात सगळं मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून तेवढे महिने विमानं उचलून पुण्याला न्यावी लागत. हे मी आजोबांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. “आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. जूनपासनं तिथं चिंबोऱ्या फिरतात.”

आता जुहू आणि सांताक्रूझ अशी दोन मैदानं इतकी जवळजवळ, की वरून येणाऱ्यालाही फसगत व्हायची. जुलै 1953 मध्ये एक ब्रिटिश कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. ते काही दिवसांनी निभावून उडालं. 24 सप्टेंबर 1972 ला जपानी कंपनीचं डीसी-8 तसंच चुकलं, पट्टी संपली तरी थांबलं नाही आणि कायमचं निकामी झालं. माणसं वाचली. मी चौदा वर्षांचा होतो. मामा मला बघायला घेऊन गेला. गर्दीतून लांबवर एक उंच शेपूट दिसलं, बस्स. मामा म्हणाला, “आपल्या शेतात उतरायचं सोडून इथं कुठं आला हा?”

मामा हे सहज बोलायचा. तो त्याच विमानतळावर सामान चढवणारा हमाल होता. जमिनीचे पैसे मिळाले ते मरोळला दोन खोल्या आणि धाकट्या मावशीचं लग्न यांत संपले. आजीनं त्याला नोकरीला जाऊ नको म्हणून दोन दिवस जेवण टाकलं होतं, असं आई सांगायची. तिसऱ्या दिवशी तिनंच डबा भरून दिला. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, ही गोष्ट पुस्तकात असते. मामा अभिमानानं ती सांगायचा. पण रात्रपाळी करून आला की आजी एकच विचारी, “आपला आंबा हाय का रं?” आंबा कधीच तोडला होता. तो “हाय” म्हणायचा.

26 जुलै 2005. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला त्याच दिवशी शंभरसुद्धा नव्हता. पवईचा सांडवा दिसेनासा झाला, नुसतं पाणी. विमानतळ बंद पडला. नंतर चौकशा झाल्या, त्यांत मिठीचं पात्र अरुंद झाल्याचं आणि धावपट्टीपाशी तिला काटकोनात वळवल्याचं लिहून आलं.

वीज आल्यावर वर्तमानपत्रात विमानतळाचा फोटो दिसला. विमानं पाण्यात उभी. मामा तेव्हा नव्हता, आजी तर कधीच गेलेली. त्र्याहत्तर वर्षांच्या आईनं चष्मा पुसून फोटो जवळ घेतला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग फोटोतल्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“इथं आमची गरव्याची खाचरं. हळवा भात इथं लावतच नव्हतो आम्ही. दिवाळीपर्यंत पाणी हटायचं नाही.”