कोऱ्या वहीचा इतिहास

जून महिन्यात पहिल्यांदाच मूल शाळेत घालणाऱ्या आईवडिलांच्या अपेक्षा बहुतेक घरांत सारख्याच असतात. चार दिवस रडारड होईल, मग मूल रुळेल, दिवाळीपर्यंत मुळाक्षरं ओळखायला लागेल, वर्ष संपता संपता स्वतःचं नाव लिहील. दिवाळी आली आणि वही कोरीच दिसली की काळजी सुरू होते. शेजारच्या मुलाची वही भरलेली असेल, तर शाळा काहीच शिकवत नाही अशी तक्रार होते. यात आईवडिलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ही अपेक्षा शाळांनीच त्यांच्या मनात रुजवली आहे. पण ती जुनी नाही. महाराष्ट्रात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ज्यांनी शाळा उभ्या केल्या, त्यांनी पहिल्या वर्षात काय घडावं याचा फार बारकाईनं विचार केला होता, आणि त्यांच्या क्रमात लिहिणं बरंच उशिरा येत होतं. तो क्रम का आला हे समजलं, तर पहिल्या वर्षी शाळेकडून काय मागावं आणि काय मागू नये, हे आजच्या पालकांना ठरवता येईल असं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा येतो. आपल्याकडे पूर्वीपासून मुलाला लवकर पाटीवर बसवत आले, मग आत्ताच हे लाड कशाला, असं विचारलं जातं. पंतोजींची शाळा कशी होती ते पाहिलं की या आक्षेपातला बराच जोर ओसरतो. देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या पडवीत ती भरायची. मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की चांगला दिवस पाहून पाटीपूजन व्हायचं आणि ‘ओनामासीधं’नं सुरुवात व्हायची. मुलींना तिथे जागा नव्हती, अस्पृश्य ठरवलेल्या जातींतल्या मुलांनाही नव्हती. मोडी लिहिता-वाचता यावी, हिशेब यावा आणि त्यासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असावी, एवढं त्या शाळेचं काम. कुलकर्ण्याच्या दप्तराला आणि सावकाराच्या पेढीला लागणारी माणसं ती तयार करायची. धाक छडीचा होता आणि त्याचं समर्थन करता येणार नाही. पण त्या शाळेतसुद्धा मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी बोरू येत नसे. आधी यायची धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं तिच्यात अक्षर काढायचं, हात फिरवून मोडायचं आणि पुन्हा काढायचं. कागद आणि शाई महाग होती हे त्याचं एक कारण असणारच. परिणाम मात्र असा व्हायचा की बोटं वळणाला सरावल्यावरच लेखणी हाती येई, आणि तोवर झालेली चूक कुठे नोंदलेली राहत नसे. साडेतीन वर्षांच्या मुलाला चौकटीच्या वहीत पानभर ‘अ’ गिरवायला लावणं हे त्या जुन्या परंपरेतही बसत नाही.

लहान मुलांची वेगळी शाळा ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आली. जर्मनीत फ्रीडरिश फ्रोबेलनं १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, ठोकळे, गाणी आणि बागकाम हे त्याचं साहित्य. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना पंडिता रमाबाईंनी या पद्धतीचा मुद्दाम अभ्यास केला, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू करताना तो त्यांच्या मनात होता. फ्रोबेलपेक्षा जास्त खोल रुजली ती मात्र मारिया माँटेसोरीची पद्धत. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत माँटेसोरीबाईंनी पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साहित्यातले दट्टे अनेक पालकांनी शाळेत पाहिले असतील. लाकडाच्या लांबट ठोकळ्यात दहा खोबणी, आणि प्रत्येक खोबणीत नेमका बसणारा एक दट्ट्या. जाडी किंवा उंची क्रमानं बदलत जाते. चुकीच्या खोबणीत दट्ट्या गेला तर शेवटी एक उरतो किंवा बसतच नाही, त्यामुळे चूक दाखवायला बाईंची गरज पडत नाही. पालकांना हा खेळ वाटतो. पण प्रत्येक दट्ट्याला वर एक बारीकशी मूठ असते आणि ती अंगठा आणि दोन बोटांनीच धरावी लागते. पुढे पेन्सिल धरायची असते ती याच तीन बोटांनी. म्हणजे वही कोरी असलेल्या त्या महिन्यांमध्ये मुलाचा हात लिहिण्याचीच तयारी करत असतो, फक्त ती कागदावर उमटत नाही.

इथे जाणकार वाचक अडवतील. माँटेसोरीच्या बालगृहात चार-पाच वर्षांची मुलं लिहायला लागली होती आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला होता, मग उशिरा लिहिण्याची बाजू कशी घेता? आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. पण ती मुलं लिहायला लागली ती खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून कितीतरी दिवस बोट फिरवल्यानंतर, ज्याची त्याची वेळ आल्यावर, कुणी तारीख ठरवून दिलेली नसताना. एक मूल चौथ्या वर्षी लिहायला लागलं म्हणून वर्गातल्या सगळ्यांना चौथ्या वर्षी लिहायला लावणं हा त्या अनुभवाचा उलटा अर्थ आहे. लवकर लिहिणाऱ्या मुलाला अडवू नये आणि न लिहिणाऱ्याला रेटू नये, इतकंच त्यातून निघतं.

महाराष्ट्रातली बालवाडी यापुढे कशी घडली हा या इतिहासातला सर्वांत समृद्ध भाग, आणि तो भावनगरपासून सुरू होतो. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी तिथल्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर काढलं. राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य असलेल्या ताराबाई मोडक ती प्रतिष्ठेची जागा सोडून त्यांच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून ताराबाई आईवडिलांशी सतत बोलत राहिल्या. १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केलं. गिजुभाई १९३९ च्या जूनमध्ये गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माँटेसोरी मद्रासला उतरल्या. ज्यांच्या पद्धतीला गिजुभाईंनी भारतीय रूप दिलं होतं, त्यांची या देशात भेट व्हायची राहूनच गेली. ताराबाईंसमोर तोवर दुसरा प्रश्न उभा होता. दादरच्या मध्यमवर्गाला जे परवडतं ते खेड्यात कसं न्यायचं? परदेशी बनावटीचं साहित्य खेड्याच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि देशातल्या गरीब मुलांना ते कसं मिळणार हा प्रश्न गांधीजींनाही पडलेला होता. ताराबाईंनी उत्तर दिलं ते जागा बदलून. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरमध्ये, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या पस्तिशीच्या अनुताई वाघ, ज्यांचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि जेमतेम सहा महिन्यांत वैधव्य आलं होतं.

बोर्डीत दट्ट्यांची जागा शिंपल्यांनी घेतली. शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या, फुलं लहान-मोठ्या क्रमानं लावायची, रंगानं वेगळी करायची, मोजायची, त्यांची नक्षी करायची. साहित्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आणि हेतू तसाच राहिला. मुलांचे हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं हाही तिथे अभ्यासक्रमच होता. तरीही मध्यवर्ती बालवाडीत सगळ्या वस्त्यांतली मुलं येईनात, तेव्हा शिक्षिकाच उठून वस्तीत जायला लागल्या आणि घरापुढच्या अंगणात शाळा, म्हणजेच अंगणवाडी, भरायला लागली. आजच्या पालकांसाठी मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. अंगणातल्या शाळेत मुलाला आईपासून तोडावं लागत नाही. ती भाकरी थापता थापता पाहते, आजी गाणं ऐकते, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येते आणि स्वतःही शिकते. आज फाटकाशी मावशींच्या हाती रडतं मूल देऊन मागे न बघता निघून जायची जी रीत पडली आहे, ती इमारत, बस आणि वेळापत्रक यांच्या सोयीतून आली आहे. बालशिक्षणाच्या गरजेतून ती आलेली नाही. त्यामुळे पहिला आठवडाभर आईला किंवा वडिलांना वर्गात बसू द्या, असं म्हणणारे पालक काही जगावेगळं मागत नाहीत.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती म्हणून गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरली. खेळातून शिक्षण ही खाऊनपिऊन सुखी घरांची चैन आहे, गरिबाच्या मुलाला आधी अक्षर द्या, या आक्षेपाला कोसबाड हेच उत्तर आहे. तिथली घरं अत्यंत गरीब होती आणि ही पद्धत त्यांच्यासाठीच घडवली गेली. या आक्षेपात एक सत्य मात्र आहे. ज्या घरात पुस्तकं आहेत, गोष्टी सांगणारं मोकळं माणूस आहे, तिथल्या मुलाला शाळेनं नुसतं खेळवलं तरी फारसं बिघडत नाही; ज्या घरात हे नाही, तिथे नुसत्या खेळानं भागणार नाही. कोसबाडच्या बालवाडीत म्हणूनच गाणी, गोष्टी, नाट्य आणि भरपूर बोलणं होतं, आणि ते मुलाच्या घरच्या बोलीला जागा देऊन होतं. गरीब मुलाला कमी पडतो तो भाषेचा हा साठा, आणि चौथ्या वर्षी अक्षरं घोटवून तो भरून निघत नाही.

मग वही भरायची घाई आली कुठून? माझ्या मते ती वरून खाली आली. शहरांत इंग्रजी शाळांच्या जागा कमी आणि उमेदवार जास्त झाले, तशा केजीच्या दारात मुलांच्या आणि आईवडिलांच्या मुलाखती सुरू झाल्या, आणि मुलाखतीत विचारतात ते आधीच्या वर्गात घोटवून घेणं ओघानंच आलं. १९९३ च्या यशपाल समितीनं लहान मुलांवर लादलेल्या औपचारिक लेखन-वाचनावर कडक टीका करून नर्सरीच्या प्रवेश परीक्षा आणि मुलाखती बंद करायला सांगितलं. महाराष्ट्रानं १९९६ मध्ये अशा मुलाखतींविरुद्ध कायदा केला. दुसरीकडे, अंगणवाडी हे नाव २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेबरोबर देशभर गेलं, पण तिथे पूर्वप्राथमिक शिक्षण ही सहा सेवांपैकी एक सेवा उरली. पूरक आहार, लसीकरण, वजनं आणि नोंदवह्या सांभाळून सेविकेनं उरलेल्या वेळात शिकवायचं. आहार आणि लस जीव वाचवतात, त्यांना कमी लेखता येणार नाही. पण गोष्ट सांगायला वेळ राहिला नाही, तेव्हा भिंतीवरचा तक्ता मोठ्यानं म्हणून घेणं तेवढं सोपं उरलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षांचा सलग पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला मध्यवर्ती जागा दिली. कोसबाडला जे पूर्वीच करून झालं होतं त्याला सरकारी मान्यता मिळाली, पण खासगी शाळांच्या वह्या त्यानं पातळ झालेल्या नाहीत.

तेव्हा पहिल्या वर्षी शाळेची पारख करायची तर लेखनापेक्षा दुसऱ्या गोष्टी पाहाव्यात. मूल घरी येऊन एखादं गाणं अर्धवट म्हणतं का, बाईंचं किंवा सोबत्याचं नाव काढतं का, चपला आपल्या आपण घालायला आणि डबा उघडायला लागलं का, मण्यांच्या दोऱ्यात किंवा चिकणमातीत पूर्वीपेक्षा जास्त वेळ रमतं का. रडणं काही मुलांचं दोन दिवसांत थांबतं, काहींचं महिनाभर चालतं, आणि सुट्टीनंतर ते पुन्हा सुरू झालं तरी घाबरायचं कारण नाही. पालकसभेत अभ्यास किती झाला असं विचारण्याऐवजी एका बाईंकडे किती मुलं आहेत, रोज गोष्ट किती वेळ सांगतात आणि कोणत्या भाषेत, मुलं बाहेर मातीत कधी जातात, एवढं विचारावं. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनीही हेच प्रश्न गावच्या ग्रामसभेत मांडावेत, आणि सेविकेवरचं नोंदवह्यांचं ओझं कमी करा ही मागणी त्यांना जोडावी.