हौदाची गळती कोठे?

हौदात तासाला किती पाणी पडते आणि हौदात एकूण किती पाणी आहे, हे माहीत आहे. पातळी स्थिर असेल तर पाणी सरासरी किती वेळ हौदात राहते? साधा भागाकार! हवेतील कार्बन मोनॉक्साइडची गणिती प्रतिमाने याच भागाकारातून उभी राहिली.

हा वायू हवेत असल्याचे बेल्जियमच्या मार्सेल मिजोत यांनी १९४९ मध्ये सूर्यप्रकाशाच्या अवरक्त वर्णपटावरून दाखवले. प्रमाण अत्यल्प, एक कोटी भागांत सुमारे एक भाग. पुढे मोटारी वाढल्या. इंधनाचा धूर हीच मुख्य तोटी धरली, की वायूचे आयुष्य दोन-तीन वर्षे येई. पण तो जातो कोठे, ते कळेना.

१९६९ मध्ये बर्नार्ड वाइनस्टॉक यांनी वेगळी वाट धरली. विश्वकिरणांमुळे किरणोत्सारी कार्बन-१४ तयार होतो आणि आधी बहुतांशी कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात वावरतो. तो किती बनतो आणि हवेत किती आहे, यावरून आयुष्य निघाले जेमतेम महिनाभर! म्हणजे गळती मोठी होती. मग तोट्याही आणखी असायला हव्यात.

१९७१ मध्ये दोन्ही सापडल्या. अतिनील किरण ओझोनचा रेणू फोडतात. सुटलेला ऑक्सिजनचा अणू वाफेच्या रेणूला भेटून हायड्रॉक्सिल मूलके बनतात. जमिनीलगतच्या तपांबरातही ती पुरेशी बनतात, हे हायरम लेव्ही यांनी गणिताने दाखवले. मूलक जगते सेकंदभर, पण कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करते. त्याच वर्षी मॅकॉनेल, मॅकेलरॉय आणि वॉफ्सी यांनी दुसरी तोटी दाखवली: मिथेनच्या ऑक्सिडीभवनातूनही हा वायू बनतो.

आजच्या अंदाजाने हवेत तो सुमारे ३५ कोटी टन आहे आणि वर्षाला सुमारे २५० कोटी टनांची भर पडते. भागाकार वर्गात करून पाहावा. उत्तर दोन महिन्यांच्या आत येते.

मात्र हा हौद साधा नाही. कार्बन मोनॉक्साइड वाढला की तो मूलके खाऊन टाकतो. गळतीचे भोकच अरुंद होते आणि मिथेनसारखा तापमान वाढवणारा वायूही हवेत जास्त टिकतो.

१९८४ मध्ये खलील आणि रासमुसेन यांनी हा वायू वाढत असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये त्यांनीच सांगितले, की १९८८ ते १९९२ या काळात तो जगभर घटला! आलेखाची रेषा पट्टीने पुढे ओढली असती तर आपण फसलो असतो. म्हणून आम्हाला वाटते, मुलांना पातळी विचारावी, पण त्याआधी तोट्या आणि गळती शोधायला लावावी.