पेटी, पट्ट्या आणि मिडी

इ. स. १९४० च्या मार्च महिन्यांत अखिल भारतीय नभोवाणीनें हार्मोनियमला आपल्या ध्वनिगृहांतून बाहेर काढलें. कीर्तनांत, भजनांत, नाटकगृहांत आणि घरच्या बैठकींत जिच्या सुरावांचून कार्यक्रमास आरंभ होत नसे, त्या पेटीला नभोवाणीचें दार बंद झालें, आणि तें अंशतः उघडावयास १९७१ साल उजाडावें लागलें. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळणारे इंग्रज संगीतरचनाकार जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ सालींच पेटीविरुद्ध लेखणी उचलली होती. पेटीवर नाराज असलेले एतद्देशीय विद्वानही थोडे नव्हते.

आक्षेप मुख्यतः दोन होते. पहिला असा कीं, पेटीची पट्टी दाबली म्हणजे जो सूर निघतो तो ठरलेला. एका पट्टीवरून दुसरीवर जातांना मधली वाट नाहीं, म्हणजेच मींड नाहीं. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म होता. पेटीच्या सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जांतून जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, त्याहून या सारख्या तुकड्यांतला शुद्ध गंधार सुमारें चौदा सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. चौदा सेंट ही गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते; परंतु ज्याचा कान तंबोऱ्यापाशीं बसून तयार झाला आहे, त्याला ती खड्यासारखी लागते.

हा खडा काढण्याचा यत्न महाराष्ट्रांत फार आधीं झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या गणितावरून इ. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्यानें विलायतेंतून श्रुति-हार्मोनियम तयार करून आणविण्यांत आला. बडोद्यास १९१६ सालीं भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेंतही श्रुतींच्या प्रश्नावर पुष्कळ वादविवाद झाला. तथापि श्रुति-हार्मोनियम घराघरांत शिरला नाहीं. बोटांना बारा पट्ट्यांची संवय झाली होती, आणि संवयीपुढें गणिताचें फारसें चालत नाहीं. पॅरिस येथील दबें यानें १८४२ च्या सुमारास ज्याचें एकस्व घेतलें, आणि ज्याला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं हातभात्याचें सुटसुटीत रूप दिलें, तें बारा पट्ट्यांचें वाद्यच आमच्या घरीं कायम राहिलें.

हा जुना वाद येथें उकरून काढण्यास कारण आहे. आज घरीं बसून संगीत ध्वनिमुद्रित करूं पाहणारा मनुष्य जी वस्तु प्रथम विकत घेतो, ती म्हणजे संगणकास जोडावयाचा मिडी कीबोर्ड होय. त्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसण्यांत पेटीच्याच पट्ट्या. पण त्याला भाता नाहीं, सुरांच्या पितळी जिभा नाहींत. किंबहुना त्याला स्वतःचा आवाजच नाहीं. तो केवळ निरोप्या आहे. कोणती पट्टी दाबली, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, एवढेंच तो तारेवाटे कळवितो. गाण्याचें काम पलीकडचें यंत्र करतें. हा निरोप्या कोठून आला, हें समजल्याशिवाय त्याची पारख करतां येत नाहीं.

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांच्यासारख्यांनीं विजेच्या दाबावर चालणारीं स्वरयंत्रें बनविलीं. पट्टी दाबली कीं ठराविक व्होल्टचा दाब निघे आणि त्या दाबावरून सूर ठरे. मूगच्या यंत्रांत एका सप्तकास एक व्होल्ट हें प्रमाण होतें. जपानांतील कांहीं कारखान्यांनीं निराळें प्रमाण धरलें होतें. परिणाम असा कीं, एका कंपनीच्या पट्ट्यांनीं दुसऱ्या कंपनीचें यंत्र वाजवूं गेल्यास भलतेच सूर निघावयाचे. पुढें यंत्रांत लहान संगणक आले, तरी भाषा प्रत्येकाची वेगळीच राहिली. दोन यंत्रें घेणाऱ्याची स्थिति दोन सुनांच्या सासूसारखी झाली. दोघी घरांत, पण एकमेकींशीं बोलत नाहींत.

हें अबोलें मोडण्याचें श्रेय दोन पुरुषांकडे जातें. पहिले इकुतारो काकेहाशी. यांचा जन्म १९३० सालीं ओसाका येथें झाला. आईबाप क्षयानें लहानपणींच गेले. महायुद्धानंतर प्रकृतीमुळें विद्यापीठाचें दार बंद झालें, तेव्हां सोळाव्या वर्षीं यांनीं क्यूशू बेटावर घड्याळें दुरुस्त करण्याचें दुकान घातलें. पुढें क्षयानें त्यांनाही गांठलें आणि कित्येक वर्षें रुग्णालयांत काढावीं लागलीं. त्या वेळीं नव्यानेंच आलेल्या स्ट्रेप्टोमायसिननें त्यांचा जीव वाचविला. अशा मनुष्यानें १९७२ सालीं रोलंड ही कंपनी स्थापिली. त्यांचें संगीताचें रीतसर शिक्षण झालेलें नव्हतें, आणि कदाचित् म्हणूनच, ज्याला वादन नीट येत नाहीं त्यालाही घरीं वाजवितां यावें, ही कल्पना त्यांच्या मनांत पक्की बसली असावी. दुसरे सॅन फ्रान्सिस्कोचे डेव्ह स्मिथ. त्यांच्या सीक्वेन्शल सर्किट्स या लहानशा कंपनीनें १९७८ सालीं सूक्ष्मसंगणक बसविलेला प्रॉफेट-५ बाजारांत आणून मोठमोठ्या कारखान्यांना चकित केलें होतें.

१९८१ सालीं काकेहाशींनीं अमेरिकन उत्पादकांपुढें समान भाषेचा विचार मांडला, आणि त्याच वर्षीं स्मिथ व त्यांचे सहकारी चेट वुड यांनीं ध्वनिशास्त्रज्ञांच्या संमेलनांत तशा भाषेचा आराखडा वाचला. पुढील चर्चेंत यामाहा, कॉर्ग आणि कावाई हे जपानी कारखाने सामील झाले. जानेवारी १९८३ मध्यें कॅलिफोर्नियांतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनांत सीक्वेन्शलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हीं दोन प्रतिस्पर्धी यंत्रें एका पांच टांचण्यांच्या तारेनें जोडण्यांत आलीं. एकाची पट्टी दाबली, दुसरें बोललें. ऑगस्टमध्यें या संकेताचा पहिला अधिकृत मसुदा प्रसिद्ध झाला. त्यावर कोणाचें एकस्व नव्हतें. जो वापरील त्याचा तो, आणि फुकट. व्यापाऱ्यांच्या इतिहासांत अशीं उदाहरणें विरळाच.

मिडीची भाषा आंकड्यांची आहे. प्रत्येक पट्टीला शून्यापासून एकशें सत्तावीसपर्यंत एक क्रमांक. मधल्या सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा क्रमांक साठ. पट्टीचा जोरही शून्य ते एकशें सत्तावीस. एक सूर कळविण्यास तीन लहान संख्या लागतात, आणि सेकंदास ३१,२५० अंश वाहणाऱ्या त्या तारेंतून त्या तिन्ही संख्या पोहोंचण्यास सेकंदाचा सुमारें एक सहस्रांश भाग पुरतो. हा हिशेब विकत घेणाऱ्यानें मुद्दाम लक्षांत ठेवावा. पट्टी दाबल्यावर सूर उशिरां उमटला कीं लोक कीबोर्डला दोष देतात आणि महागडा दुसरा आणतात. पुष्कळदां दोष असतो तो संगणकानें ध्वनि तयार करण्यापूर्वीं सांठवून ठेवण्याच्या मुदतींत. १९९९ पासून मिडी संगणकाच्या यूएसबी तारेनेंही जाऊं लागला, म्हणून आज बहुतेक लहान कीबोर्डांना जुनी पांच टांचण्यांची भोंकें नसतात. जुनें स्वरयंत्र घरीं असेल तर तीं भोंकें पाहूनच खरेदी करावी.

आतां निवडीकडे वळावें. दुकानांत पंचवीस पट्ट्यांपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंतचे कीबोर्ड मांडलेले असतात. अठ्ठ्याऐंशी हा पियानोचा आंकडा. दोन हातांनीं निराळे सूर वाजविण्याची ज्याची रीत आहे त्याला तो हवा. आपल्या पेटीला साधारणतः तीन ते साडेतीन सप्तकें असतात, आणि उजवा हात एकटाच फिरतो. पेटीवर वाढलेल्या वादकास एकोणपन्नास पट्ट्या पुरून उरतात. पंचवीसही चालतील, परंतु तान तार सप्तकांत चढतांना मध्येंच सप्तक बदलण्याचें बटण दाबावें लागणें म्हणजे घाटांत गाडी थांबवून बैल बदलण्यासारखें आहे. पट्टीची रुंदी मात्र जरूर पाहावी. फार लहान कीबोर्डांत ती आंखूड व अरुंद केलेली असते, आणि मग बोटांची जुनी मोजमापें चुकूं लागतात.

पट्टीच्या वजनाविषयीं बरेच गैरसमज आहेत. पियानोंत पट्टी हातोडी उचलते, म्हणून ती जड. त्या जडपणाची नक्कल करणारे कीबोर्ड महाग असतात आणि महाग म्हणून उत्तम समजले जातात. पेटीची पट्टी केवळ हवेचें दार उघडते. तिच्यावर द्रुत ताना घेणाऱ्या बोटांना हातोडीच्या पट्ट्या चिखलांत चालल्यासारख्या वाटतात. ज्याला पियानो वाजवावयाचा नाहीं त्यानें त्या जडपणासाठीं पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

याहून गंभीर प्रश्न भात्याचा आहे. मिडी कीबोर्डला जोर कळतो तो असा: पट्टीखालीं दोन स्पर्शबिंदु असतात, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास पट्टीला किती वेळ लागला यावरून जोराचा आंकडा ठरतो. म्हणजे जोर हा आघाताचा. सूर लागून गेल्यावर पट्टीला पुढें कांहीं कळत नाहीं. पियानोचा स्वभावच तसा असल्यामुळें त्या वादकाचें कांहीं अडत नाहीं. पेटीचें तसें नाहीं. तेथें पट्टी कशीही दाबा, आवाजाचा चढउतार डाव्या हाताच्या श्वासांत असतो. १९१३ सालीं बालगंधर्व व गणेशराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढणारे गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं पेटीला गाण्याची साथ करावयास शिकविलें तें या भात्याच्या जोरावरच. मिडींत या श्वासाची सोय आहे. आवाज चढविण्या-उतरविण्याचा निराळा संकेत आहे आणि तो पायाच्या पट्टीनें देतां येतो. पण अशी पायपट्टी जोडण्याची खांच स्वस्त कीबोर्डांत पुष्कळदां गाळलेली असते. बासरी, व्हायोलिन किंवा पेटीचे सूर घरीं वाजवूं पाहणाऱ्यानें चकचकीत बटणें मोजण्यापेक्षां ही एक खांच शोधावी.

आणि मींड? कीबोर्डच्या डाव्या बाजूस सूर वर-खालीं ओढण्याचें चाक असतें, आणि त्याच्या प्रवासाचे १६,३८४ भाग कल्पिलेले आहेत. मूळ मिडींत एक अडचण अशी कीं, चाक फिरविलें म्हणजे त्या वाहिनीवरचे सर्व सूर एकदम सरकतात. पाश्चात्य वादक स्वरसमूह वाजवितो, म्हणून त्याला ही मोठीच आपत्ति वाटली, आणि २०१८ सालीं प्रत्येक सुरास स्वतंत्र वाहिनी देणारी नवी रीत मान्य झाली. गंमत अशी कीं रागसंगीताला ही आपत्ति फारशी बाधत नाहीं. येथें एका वेळीं एकच सूर गावयाचा. तंबोरा दुसऱ्या वाहिनीवर ठेवला कीं झालें, सोळा वाहिन्या उपलब्ध आहेत. शिवाय पेटीवाल्याचा डावा हात आधींच निराळें काम करावयास शिकलेला असतो. मात्र चाकाची ओढ बहुधा दोन अर्धस्वरांपुरतीच ठरविलेली असते. षड्जावरून गंधारापर्यंत चार अर्धस्वर होतात, तेव्हां ती मर्यादा यंत्रांत वाढवून घ्यावी लागते. कांहीं छोट्या कीबोर्डांत चाकाऐवजीं नुसतीं दोन बटणें असतात. तीं दाबून मींड निघत नाहीं. सूर फक्त उडी मारतो.

मिडीच्या जन्मापूर्वीं, १९८२ सालीं, मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वावरलेले चरणजितसिंग यांनीं रोलंडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यांत बसवून ध्वनिमुद्रित केले होते. तबकडी तेव्हां खपली नाहीं. २०१० सालीं ती परदेशांत पुन्हां निघाली तेव्हां लोक चकित झाले. त्यांतील सूर सरकते ऐकूं येतात, कारण त्या यंत्रांपैकीं एकांत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची योजना मुळांतच होती.

राहिला तो देवलांचा प्रश्न. १९९२ सालीं मिडींत अशी सोय झाली कीं प्रत्येक पट्टीचा सूर कोष्टकानें हवा तसा उतरवितां वा चढवितां यावा. ज्या स्वरयंत्रांत ही सोय पाळलेली आहे, तेथें स्वयंभू गंधार आज बाराच पट्ट्यांवर मिळतो, आणि चौदा सेंटांचा तो खडा निघून जातो. राग बदलला कीं कोष्टक बदलावयाचें, इतकेंच. दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार मात्र कोणत्याही कोष्टकांत बसत नाहीं. तो डाव्या हाताच्या चाकानेंच काढावा लागतो.